‘बायकांचं काम’ कुणी ठरवलं? डहाणू-तलासरीच्या शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखं

‘हे बायकांचं काम’, ‘हे पुरुषाला शोभत नाही’ असं आपल्या घरांत रोज ऐकू येतं. ही वाटणी निसर्गानेच केली, असं पुष्कळांना वाटतं. पण डहाणू-तलासरीतल्या वारली समाजाकडे पाहिलं, तर ती किती वेगळी असू शकते ते कळतं.

वारल्यांच्या पारंपरिक लग्नात विधी करते ती धवलेरी, म्हणजे एक बाई. लग्नाची गाणी तिला तोंडपाठ असतात. भिंतीवर लग्नचौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. चित्र काढणं हे मुळात बायकांचं काम. १९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले. चित्रं भिंतीवरून कागदावर आली, विकली जाऊ लागली आणि कितीतरी पुरुष चित्रकार झाले. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे बाजार आला आणि वाटणी बदलली.

वारल्यांत हुंड्याऐवजी देज असतं. ते मुलाकडून मुलीच्या घरी जातं, कारण मुलगी गेली की घरातले कामाचे दोन हात कमी होतात. डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० मध्ये हेच सूत्र मांडलं. जिथे शेती बाईच्या हातांवर चालते तिथे वधूमूल्य. जिथे नांगर आला, शेत पुरुषाकडे गेलं आणि बाई घरात राहिली, तिथे हुंडा. अर्थात हे सूत्र सगळीकडे तंतोतंत बसत नाही. आज वारलीही नांगर धरतात. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलिस ईगली यांचं म्हणणं असं की, आपण ज्याला जे काम करताना पाहतो, त्याचा स्वभावच तसा आहे असं धरून चालतो.

पण देजाची दुसरी बाजूही आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेतलं की नवराबायको दोघंही त्याच्याकडे वेठीला बांधले जात. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरीतून जो लढा उभा राहिला, तो या गुलामीविरुद्धही होता.

आता आपल्याकडे बघू. इंडोनेशियातले मिनांगकबाऊ लोक मुसलमानच, पण तिथे घर-जमीन आईकडून मुलीकडे जाते. आपल्याच देशात लक्षद्वीपच्या मुस्लिमांतही मातृवंशाची परंपरा आहे. दीन एक, रिवाज वेगवेगळे. म्हणून ‘आपल्यात असंच असतं’ म्हणताना दीन कुठला आणि रिवाज कुठला, हे तपासायला हवं. मेहर नवऱ्याने द्यायचा आणि तो थेट बायकोच्या हक्काचा, बापाचाही नाही. सूरह निसामध्ये हे स्पष्ट आहे. हजरत खदीजा (र.) व्यापार करत होत्या. अल्लाहचे रसूल (स.) घरकामात हात लावत, हे हजरत आयशा (र.) यांनी सांगितलं आहे.

मग मेहर कागदावर नावापुरता आणि दहेजाची यादी लांबलचक, हे कुठून आलं? लग्नासाठी काढलेलं कर्ज आजही कितीतरी बाप वर्षानुवर्षं फेडत आहेत. पुढच्या निकाहाची बोलणी सुरू होतील तेव्हा मेहर किती आणि तो कधी देणार, हे आधी ठरवा. यादी मागितली गेली, तर ती कुठल्या शरियतमध्ये आहे, एवढं नक्की विचारा.