पाटीवर नाव नसलेला माणूस

"सर, मागे काम करणाऱ्याला एवढा पगार कशाला?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचला येतो. आज उत्तर तमाशातून देतो.

आपल्या जिल्ह्यातला संगमनेरचा फड सगळ्यांना माहीत आहे. कांताबाई सातारकर, रघुवीर खेडकर. पाटीवर हीच नावं, तिकीटही यांच्याच नावावर खपतं. पण तमाशाचे दोन प्रकार सांगतात ना, एक संगीत बारी आणि दुसरा? ढोलकी फड! अख्ख्या धंद्याला नाव वाद्याचं, आणि वाजवणारा कोण हे विचारलं तर सांगता येत नाही.

खेळ सुरू होतो तोच ढोलकी-हलगीच्या जुगलबंदीने. गण, गवळण नंतर. कनातीबाहेर चहा पीत उभं असलेलं पब्लिक या आवाजावर आत येतं, म्हणजे मार्केटिंगसुद्धा तोच करतो. लावणीत त्याची नजर नाचणारीच्या पायांवर. ती दमली की लय जरा धरून ठेवायची, शिट्ट्या पडल्या की चढवायची. ढोलकी ढिली पडली तर लोक म्हणतात, "बाई आज रंगली नाही." बिल भलत्याच्या नावावर!

रॉक बँडमध्ये ड्रमरचं असंच. लेड झेपेलिनचा जॉन बोनहॅम १९८० मध्ये गेला आणि बाकी तिघांनी बँडच बंद केला. 'द हू'चा कीथ मून १९७८ मध्ये गेला, त्यांनी दुसरा ड्रमर घेऊन गाडी चालू ठेवली.

आता फडमालकांचं बघा. सीझन दसऱ्याला सुरू होतो, पण कलाकारांना उचल त्याआधीच दिलेली असते. आपण मात्र ऐन दिवाळीत पोरगा सोडून गेला की व्हॉट्सॲपला 'अर्जंट पाहिजे' स्टेटस टाकतो.

माझ्या दुकानात गिऱ्हाईक मला ओळखतं. पण कुठला माल कुठल्या रॅकला, कुणाची डिलिव्हरी आधी, हे सगळं गोडाऊनवाल्याच्या डोक्यात. गर्दीत मी दोन तास नसलो तरी चालतं. तो वीस मिनिटं नसला की काउंटर थांबतो. त्याचा बोनस मी दसऱ्यालाच देतो. हाताखाली एक पोरगाही शिकायला ठेवलाय, कारण लग्नकार्य, आजारपण त्यालाही असतंच.

तुम्ही एक करा. वहीत प्रत्येक कामगाराच्या नावापुढे लिहा, हा चार दिवस नसला तर काय काय अडेल? ज्याच्यापुढची यादी सगळ्यात लांब, त्याचा पगार काउंटरवरच्या गोड बोलणाऱ्या पोरापेक्षा कमी असेल, तर याच महिन्यात त्याच्याशी बसून बोला.