जुन्या फ्लॉपीतील मराठी मजकूर कसा वाचवावा?

रायपूर : छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले, त्या काळी संगणकावरील कागदपत्रे साडेतीन इंची फ्लॉपीत साठवण्याची पद्धत सर्रास होती. एका फ्लॉपीची क्षमता जेमतेम १.४४ मेगाबाइट. सोनी कंपनीने जपानमधील फ्लॉपीविक्री २०११ मध्ये थांबवली. त्यामुळे कपाटात पडून असलेल्या फ्लॉपींतील नोंदी वेळीच उतरवून घेणे आवश्यक ठरते.

फ्लॉपीतील लवचीक चकतीवर चुंबकीय लेप असतो आणि वाचन करताना ड्राइव्हचे हेड त्याला प्रत्यक्ष टेकते. पावसाळी दमटपणामुळे चकतीवर बुरशी धरली असल्यास लेप खरवडला जाऊ शकतो. हेडला चिकटलेली घाण पुढील फ्लॉपीलाही बाधते. म्हणून धातूची सरकपट्टी बाजूला सारून चकती आधी तपासावी.

कोपऱ्यातील खिटी सरकवून छिद्र उघडे केल्यास फ्लॉपीवर नवे काही लिहिले जात नाही. साडेतीन इंची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हवर वाचता येते. संगणकाने ‘फॉरमॅट’ करण्याविषयी विचारल्यास होकार देऊ नये. प्रथम संपूर्ण फ्लॉपीची प्रत घ्यावी व पुढील काम प्रतीवरच करावे.

युनिकोडपूर्व फॉन्टमधील मराठी मजकूर आजच्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. तो नष्ट झालेला नसतो. मूळ फॉन्ट बसवल्यास किंवा योग्य रूपांतर केल्यास तो पुन्हा वाचता येतो. केवळ अक्षरे जुळत नाहीत म्हणून अशी फाइल टाकून देऊ नये.