विचारणेतील राखीव जागा

ग्रंथालयात वाचकाने पुस्तकाचे नाव सांगितले, की ग्रंथपाल ते केवळ नाव म्हणूनच ऐकतो. पुस्तकाचे नाव ‘कपाट उघडा’ असे असले, तरी ती आज्ञा आहे असा त्याचा समज होत नाही. संगणकाला मात्र हा भेद आपोआप कळत नाही.

१९७० साली एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबद्ध सारण्यांच्या रूपात मांडण्याची कल्पना पुढे ठेवली. तिच्या आधारे आय.बी.एम. कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये विचारणेची एक भाषा सादर केली. तीच पुढे एस.क्यू.एल. या नावाने रूढ झाली. या भाषेतील वाक्यात आज्ञा आणि मूल्य एकत्र नांदतात. मजकुराचे मूल्य एकेरी अवतरणचिन्हांत लिहावे लागते.

अडचण उद्भवते ती येथेच. गोव्यातील डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना पुष्कळदा पहिल्या अक्षरानंतर तशाच आकाराचे एक चिन्ह येते. हे नाव जसेच्या तसे वाक्यात जोडले, तर संगणकाच्या दृष्टीने मूल्य तेथेच संपते आणि वाक्य मोडून पडते. कोणी हेतुपुरस्सर त्या चिन्हापुढे ‘किंवा १ = १’ अशी सदैव सत्य ठरणारी अट लिहिली, तर एका नोंदीऐवजी सर्वच नोंदी त्याच्या हाती पडू शकतात. २०१५ साली टॉकटॉक या ब्रिटिश दूरध्वनी कंपनीच्या सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती याच जातीच्या हल्ल्यात चोरीस गेली. पुढील वर्षी कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड झाला.

यावरील उपाय साधा आहे. वाक्यात मूल्याच्या जागी प्रश्नचिन्हासारखी एक खूण ठेवावयाची आणि ते वाक्य मूल्याविना माहितीसंग्रहाकडे पाठवावयाचे. तेथे त्याचा अर्थ आधीच निश्चित होतो. मूल्य मागाहून, स्वतंत्रपणे येते. तोवर आज्ञा ठरून गेलेली असल्यामुळे मूल्यात काहीही लिहिलेले असले, तरी ते केवळ मूल्यच राहते. शिवाय तेच वाक्य निरनिराळ्या मूल्यांसाठी पुन्हा वापरता येत असल्याने अर्थ लावण्याचे श्रमही बहुधा वाचतात.

या उपायाला मर्यादाही आहे. ही खूण केवळ मूल्याची जागा राखते. सारणीचे किंवा स्तंभाचे नाव तिच्या जागी घालता येत नाही. अशी नावे बाहेरून येणार असतील, तर ती आधी ठरविलेल्या यादीशी ताडून पाहावी लागतात. तसेच, खुणेभोवती अवतरणचिन्हे घातली, तर ती खूण न राहता निव्वळ अक्षर ठरते.

परक्याचे शब्द ऐकावेत, परंतु त्यांना आज्ञेचा अधिकार देऊ नये, हेच या लहानशा खुणेमागील तत्त्व होय.