पॉवर टिलर अडला तर आधी काय पाहावे?

वऱ्हाडातील काळ्या जमिनीत वाफशाचे दिवस मोजकेच असतात. ऐन वेळी पॉवर टिलर अडला, तर अमरावती-अकोल्याहून मिस्त्री येईपर्यंत वाफसा निघून जातो. ऐकीव गोष्टीवर न विसंबता स्वतः पारखून घ्यावे, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण यंत्रालाही लागू पडते.

इंजिन सुरू होत नसेल, तर आधी डिझेल व त्याचा फिल्टर पाहावा. टाकी कोरडी पडल्यास नळीत हवा शिरते. अशा वेळी हवा काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे व स्क्रू पुन्हा आवळावा. काळा धूर म्हणजे बहुधा एअर क्लीनर धुळीने चोंदला किंवा भार जास्त झाला. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन चालते पण टिलर ओढत नाही, तर बेल्टचा ताण व क्लच तपासावा. ओल्या चिकणमातीने पाती लडबडतात, तो यंत्राचा दोष नव्हे. पाती साफ करताना इंजिन बंदच असावे.

इंजेक्टर व पिस्टनचे काम मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे. आयटीआय शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी पेरणीपूर्वी गावी जाऊन एवढी तपासणी करून दिली, तरी अनेक घरांचा हंगाम वाचेल. जय भीम!