गोदामातील हवेचा हिशेब

कोशाच्या धंद्यात विणकराला सूत तोलून दिले जाते आणि कापड तोलून परत घेतले जाते. मधल्या काळात वजन कमी भरले की ती तूट मजुरीतून कापण्याचा रिवाज पुष्कळ ठिकाणी आहे. रक्कम लहान असते. पण तिच्याबरोबर संशय येतो आणि तो बापाकडून मुलाकडे वारशाने जातो. मोहाडी, आंधळगाव भागातील विणकर आणि भंडारा-नागपूरचे व्यापारी यांच्यातील ज्या कुरबुरी आम्ही गेली तीस वर्षे ऐकत आलो, त्यांतील निम्म्या तरी या तुटीच्या असतील. एका वयस्क कारागिराने एकदा आमच्या दुकानात बसून विचारले होते, "शेठजी, मी पावसाळ्यात इमानदार असतो अन् उन्हाळ्यातच चोर होतो का?" प्रश्न बिनतोड आहे, कारण ही तूट बहुतेक वेळा हवा नेते.

रेशमाचा धागा हवेतील पाणी शोषतो आणि सोडतो. पूर्ण सुकवलेले 100 किलो रेशीम व्यापारात 111 किलो धरले जाते, म्हणजे 11 टक्के ओलावा रीतसर मानला जातो. हवेत 65 टक्के आर्द्रता असेल तर धागा साधारण या प्रमाणाजवळ राहतो. आपल्या जिल्ह्यात हवा 65 वर थांबत नाही. श्रावणात ती 85-90 च्या घरात असते आणि वैशाखाच्या दुपारी 20-25 पर्यंत उतरते. 80 टक्के आर्द्रतेत तोललेले एक किलो सूत 30 टक्क्यांच्या हवेत पुन्हा तोलले तर ढोबळ मानाने 60-70 ग्रॅम कमी भरते, आणि त्यातला एक तंतूही कुठे गेलेला नसतो. (धुलाईत जाणारा डिंक आणि ताण्याला लावलेली खळ यांचा हिशेब वेगळा.) उलट वैशाखात दिलेले सूत श्रावणात कापड होऊन आले की वजन जास्त भरते. त्या वाढीचे पैसे विणकराला कोणी दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हे दुखणे केवळ आपले नाही. फ्रान्समधील लिऑन शहर रेशमाची मोठी बाजारपेठ होते. तेथे याच तंट्यावर उपाय म्हणून नेपोलियनच्या हुकुमाने 1805 साली सरकारी तपासणी घर निघाले. व्यापाऱ्याचे रेशीम तेथे ठराविक उबेत ठेवून मगच तोलले जाई. पुढे नमुना भट्टीत पूर्ण सुकवून त्यावर ठरलेला ओलावा धरण्याची पद्धत आली. आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर कोसा घेणारी ढिवर कुटुंबे कोसा नगावर विकतात, त्यामुळे तिथे हवेशी भांडण येत नाही. धागा निघाला की तराजू मध्ये येतो आणि तराजूबरोबर हवाही येते.

हवेचा मुनीम

डेटा लॉगर या इंग्रजी नावाने हल्ली जे यंत्र मिळते त्याला आम्ही हवेचा मुनीम म्हणतो. हातात मावेल एवढी डबी. तिच्यातील संवेदक ठरलेल्या वेळाने हवेचे तापमान आणि आर्द्रता मोजतो आणि तारीख-वेळेसह नोंदवून ठेवतो. आम्ही उर्दू शाळेत 'नमी' शिकलो, घरी 'ओल' म्हणतो, यंत्राच्या पुस्तिकेत 'आर्द्रता' लिहिलेले असते. तिन्हींचा अर्थ एकच, तेव्हा पुस्तिका पाहून कोणी बिचकू नये. पूर्वी गिरण्यांत ओल्या आणि कोरड्या पाऱ्याच्या दोन नळ्या भिंतीवर असत. त्या खोटे सांगत नसत, पण वाचायला माणूस लागे, आणि पहाटे तीन वाजता गोदामात कोण जातो?

यंत्रे दोन तऱ्हेची असतात. एक नोंदी पोटात ठेवते, महिन्याने संगणकाला जोडून त्या काढून घ्यायच्या. दुसरे दूरस्थ. त्यात सिमकार्ड असते किंवा ते वायफायवर चालते, आणि नोंदी थेट मोबाईलवर येतात. दुसरे बरेच महाग पडते आणि त्याचा रिचार्जही सांभाळावा लागतो. माल घरातच असेल तर पहिले पुरे. गोदाम एका गावी, दुकान दुसऱ्या गावी आणि मालक आठवड्यातले चार दिवस नागपुरात, असे असेल तर दुसरेच घ्यावे.

यात नवलाचे काही नाही. 2017 पासून राज्य शासनाच्या महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. राज्यात त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा यांची दर 10 मिनिटांनी नोंद घेऊन ती दूर पाठवणे हेच त्यांचे काम. धान पिकवणारा शेतकरी नुकसानीचा आणि विम्याचा दावा करताना अशा नोंदींवर बोलतो. व्यापाऱ्याने आपल्या चार भिंतींच्या आतली नोंद का ठेवू नये?

लावण्यापूर्वी

यंत्र खोक्यातून काढले की आधी त्याची परीक्षा घ्यावी. तराजू नवा असला तरी वजनमापाचा शिक्का पाहतो, तसेच हे. एका बाटलीच्या झाकणात साधे मीठ घ्यावे आणि ओल्या रेतीसारखे होईल इतकेच पाणी थेंबाथेंबाने घालावे. मीठ विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि यंत्र एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात शेजारी ठेवून डबा रात्रभर सावलीत राहू द्यावा. ओल्या मिठाच्या वरची बंद हवा साधारण तापमानात 75 टक्क्यांवर स्थिर होते, हा पदार्थाचा धर्म आहे. सकाळी यंत्राने 75 च्या आसपास दाखवले तर ठीक. 79 दाखवले तर हे यंत्र चार जास्त सांगते, असे चिठ्ठीवर लिहून डबीला चिकटवावे आणि पुढे प्रत्येक आकड्यातून चार वजा करावेत. ही परीक्षा दर वर्षी पावसाळ्यापूर्वी करावी, कारण धूळ आणि डांबराच्या गोळ्यांच्या वाफेने संवेदक हळूहळू बिघडतो. दुकानदार म्हणेल की कंपनीने तपासलेले आहे. म्हणू द्यावे. मीठ दोन रुपयांचे आहे.

दुसरी गोष्ट घड्याळ. पुष्कळ यंत्रे ग्रीनिचच्या वेळेवर लावून येतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. न बदलल्यास दुपारी तीनची उष्णता कागदावर सकाळी साडेनऊची दिसते. उद्या मालाच्या वादात हा कागद पुढे केला तर समोरचा हसेल. तारखेची मांडणीही पाहून घ्यावी. काही यंत्रे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, म्हणजे 8 जुलैची नोंद 7 ऑगस्टची वाटते.

जागा निवडताना मालाचा विचार करावा, माणसाच्या सोयीचा नको. दरवाजाजवळ, दिव्याखाली, ओल धरणाऱ्या भिंतीला टेकून किंवा टिनाच्या छपराला लागून डबी टांगली तर आकडे त्या जागेचे येतात, मालाचे येत नाहीत. गठ्ठ्यांच्या मधोमध, छातीच्या उंचीवर आणि चहूबाजूंनी हवा खेळेल अशी टांगावी. सिमकार्डाच्या यंत्राला मात्र टिनाखाली नेटवर्क मिळत नाही. ज्याच्या संवेदकाला लांब वायर असते ते घ्यावे. संवेदक मालात आणि खोके खिडकीजवळ. दुसरा एक संवेदक बाहेर, उत्तरेच्या भिंतीला, सावलीत आणि पावसाच्या माऱ्यापासून दूर लावावा. बाहेरच्याशिवाय आतला आकडा अर्धाच बोलतो, ते पुढे येईल.

नोंद दर अर्ध्या तासाला पुरे. दिवसाच्या 48 होतात. दहा हजार नोंदी मावणारे यंत्र मग दोनशे दिवस चालते आणि बॅटरीही टिकते. दर मिनिटाला नोंद लावण्याचा मोह होतो, पण गोदामाची हवा मिनिटामिनिटाला बदलत नाही.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहराच्या सखल भागात शिरला होता. अशा वेळी वीज जाते आणि मोबाईलचा टॉवरही बंद पडू शकतो. म्हणून खोके डोक्यापेक्षा उंच लावावे, आतली बॅटरी चालू असावी, आणि संपर्क तुटला तरी नोंदी पोटात ठेवून नंतर पाठवण्याची सोय यंत्रात आहे ना, हे विकत घेतानाच विचारावे. शिवाय रोज सकाळी नऊला 'चालू आहे' असा एक संदेश येईल अशी मांडणी करावी. धोक्याचा संदेश आला नाही म्हणजे माल सुखरूप, असे समजणे महागात पडते. रिचार्ज संपलेले यंत्रही तेवढेच गप्प असते.

दार कधी उघडावे

धोक्याची घंटा किती आकड्यावर लावावी याबद्दल मतभेद आहेत. 70 च्या वर दिवसेंदिवस राहिलेल्या हवेत बुरशीला जोर चढतो, जर काळी पडू लागते. पण आपल्याकडे आषाढ ते भाद्रपद साधे गोदाम 70 च्या खाली येणेच कठीण, मग घंटा रात्रंदिवस वाजेल आणि चौथ्या दिवशी आपण ती बंद करू. आमच्या मते मोठ्या खोलीला 75 ची मर्यादा, तीही सलग सहा तास टिकली तरच संदेश, हे व्यवहार्य आहे. जरीच्या साड्या आणि करवती काठाचा भारी माल घट्ट झाकणाच्या लोखंडी पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा आणि त्या पेटीत एक छोटे साठवणारे यंत्र टाकावे. तिथे 60 ची मर्यादा सहज पाळता येते. पुड्या केव्हा तापवून सुकवायच्या हेही त्यावरून कळते.

पाऊस उघडला, ऊन पडले की गोदामाची दारे सताड उघडायची, ही आपली जुनी सवय. तिच्यात एक खोट आहे. समजा बाहेर 31 अंश आणि 75 टक्के आहे, आत 28 अंश आणि 78 टक्के. बाहेरची हवा कोरडी दिसते. प्रत्यक्षात गरम हवेच्या पोटात पाणी जास्त मावते, आणि तीच हवा आतल्या थंड गठ्ठ्यांना लागली की ओल सोडते. खरा आकडा दवबिंदूचा, म्हणजे हवा किती अंशापर्यंत थंड झाल्यावर दव धरेल त्याचा. वरच्या उदाहरणात बाहेरचा दवबिंदू 26 आणि आतला 24 च्या आसपास आहे, म्हणजे दार उघडले तर ओल आत येईल. पुष्कळ यंत्रे दवबिंदूही दाखवतात. बाहेरचा आतल्यापेक्षा दोन अंशांनी तरी कमी असेल तेव्हाच दार उघडावे, नाहीतर बंद ठेवावे. नोकराला टक्के समजावण्यापेक्षा हे सोपे जाते.

उन्हाळ्याची गोष्ट उलटी. पारा 45 च्या पुढे गेला की ताणा कोरडा पडतो, तार तुटत राहतात. आपल्या जुन्या विणकरांनी खड्ड्यातला माग स्वीकारला तो उगीच नाही. जमिनीखालची गार ओल ताण्याला मिळते, शिवाय दुपारी मागाभोवती पाणी शिंपडतात. मागाशेजारी एक साधे यंत्र आठवडाभर टांगले तर कोणत्या तासात तार जास्त तुटतात आणि तेव्हा हवा किती होती, हे दोन कागद शेजारी ठेवून पाहता येते. पंखा बंद ठेवायचा की ओले पोते टांगायचे, हे मग अंदाजाने ठरवावे लागत नाही.

वजनाची चिठ्ठी

आता मूळ तंट्याकडे येऊ. आमची सूचना अशी की सूत देताना आणि कापड घेताना चिठ्ठीवर वजनाखाली त्या क्षणाचे तापमान आणि आर्द्रता लिहावी, आणि चिठ्ठीची एक प्रत विणकराकडे राहावी. त्याच्या हातात कागद नसेल तर हा सगळा खटाटोप व्यापाऱ्याच्याच सोयीचा होतो. आकड्यांवरून तुटीचे गणित मांडता येते, पण टसरच्या प्रत्येक सुतासाठी तक्ता सगळ्यांजवळ नसतो. त्याला एक साधी जोड द्यावी. सूत देताना त्याच लॉटमधली एक लडी नेमकी 100 ग्रॅम तोलून चिठ्ठी बांधून त्याच खोलीत टांगून ठेवावी. तिला साक्षी लडी म्हणा. कापड परत आले की एक पूर्ण दिवस त्या लडीशेजारी मोकळे ठेवावे, मग दोन्ही तोलावे. लडी 94 ग्रॅम भरली तर किलोमागे 60 ग्रॅम हवेचे. ते मजुरीतून कापायचे नाहीत. लडी 105 भरली तर किलोमागची 50 ग्रॅमची वाढ सुताची समजायची नाही.

त्या एका दिवसात हवा स्थिर होती की मध्येच पाऊस येऊन गेला, हे यंत्राचा कागद सांगतो. आर्द्रता पाच टक्क्यांपेक्षा जास्त हलली असेल तर आणखी एक दिवस थांबून तोलावे. तराजू एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. धान्याच्या काट्यावर हे जमणार नाही.

बाहेरगावच्या गिऱ्हाईकाने बुरशीचे ठिपके दाखवून माल परत केला, तर पाठवण्याच्या दिवसापर्यंतचा गोदामाचा कागद बिलासोबत जोडलेला असणे उपयोगी पडते. शक्य असल्यास एक छोटे साठवणारे यंत्र गाठीत घालून पाठवावे आणि परत मागवावे. नोंदींचा महिन्याचा कागद छापून, सही-तारीख टाकून खतावणीबरोबर ठेवावा. मोबाईल बदलला की नोंदी जातात, कागद राहतो.

यंत्र घ्यायचे तर मृग नक्षत्राची वाट पाहू नये. एप्रिलमध्येच लावावे, म्हणजे कोरड्या दिवसांतले आकडे आधी हाती येतात आणि पहिल्या सरीनंतर माल किती तासांत ओल धरतो ते दिसते.