वॉन्ट म्हणजे उणीव

इंग्रजीत इच्छा सांगणारे सर्वांत रुळलेले क्रियापद ‘वॉन्ट’. पण ते मुळात इच्छेचे नव्हते. इंग्लंडमध्ये येऊन वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून ते इंग्रजीत उतरले, आणि तिथे त्याचा अर्थ होता ‘उणे असणे, कमी पडणे’. उणीव भासते तेव्हा गरज वाटते, गरज वाटली की वस्तू हवीशी होते. या वाटेने ‘हवे असणे’ हा आजचा अर्थ रूढ व्हायला अठरावे शतक उजाडले. जुना अर्थ अजून पुरता पुसलेला नाही. ‘फॉर वॉन्ट ऑफ मनी’ म्हणजे पैशाची इच्छा नव्हे, पैशाअभावी.

इच्छेच्या इंग्रजी शब्दांची सर्वांत रसाळ गोष्ट मात्र व्याकरणातली आहे. आजच्या इंग्रजीत ज्याला आवडते तो माणूस कर्ता असतो: ‘आय लाइक’. हजार वर्षांपूर्वी तसे नव्हते. तेव्हा आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी असे आणि माणूस चतुर्थीत, अगदी मराठीसारखा. ‘मला चहा आवडतो’, ‘मला भाकरी आवडते’ या वाक्यांत क्रियापद बदलते ते चहाप्रमाणे आणि भाकरीप्रमाणे. माणसाकडे आवड नुसती येते. ‘लाँग’ या क्रियापदाचीही हीच तऱ्हा. ‘लांब’ या अर्थाच्या विशेषणाशी त्याचे नाते आहे आणि त्याची जुनी रचना शब्दशः ‘मला लांब वाटते’ अशी होती. ज्याची वाट पाहावी ते येत नाही, वेळ सरत नाही, आणि त्या लांबलेपणालाच ओढीचे नाव मिळाले. आजही दूरच्या माणसासाठी, सुटलेल्या घरासाठी इंग्रजी माणूस ‘लाँग’ करतो. समोरच्या बशीतल्या केकसाठी नाही.

ही रचना पालटली कशी? पुढच्या काही शतकांत इंग्रजीतले विभक्तिप्रत्यय झिजून गेले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी हे राजा आणि पेअरच्या फळांच्या उदाहरणाने समजावले आहे. ‘राजाला फळे आवडत’ या वाक्यातला ‘ला’ गळाला, शब्दांचा क्रम तोच राहिला, आणि क्रियापदाआधी उभा असलेला राजा आपोआप कर्ता ठरला. शेक्सपिअरच्या नाटकांत आढळणारे ‘मीथिंक्स’, म्हणजे ‘मला वाटते’, हा त्या जुन्या रचनेचा उरलेला अवशेष. मराठीने ती जपली आहे. मराठीतले ‘पाहिजे’ हेसुद्धा मूळचे ‘पाहणे’चे कर्मणी रूप आहे, म्हणून ‘मला चहा पाहिजे’ म्हणतानाही माणूस चतुर्थीतच राहतो.

‘क्रेव्ह’चा प्रवास कायद्यापासून सुरू होतो. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता हक्काने मागणे, दावा सांगणे. दाव्याची पुढे याचना झाली आणि याचनेची अनावर इच्छा. आता या शब्दाला वैद्यकातही जागा आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये काढलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत व्यसनाच्या निकषांमध्ये ‘क्रेव्हिंग’ची भर घातली. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द तल्लफ. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी 1993 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार मेंदूत ‘हवेहवेसे वाटणे’ आणि ‘आवडणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. डोपामाइनचा मुख्य संबंध पहिलीशी. म्हणूनच ज्यात सुख उरलेले नाही त्याचीही तल्लफ येऊ शकते. ‘वॉन्ट’ आणि ‘लाइक’ हे साधे रोजचे शब्द इथे शास्त्राच्या परिभाषेत जाऊन बसले.

काही शब्द तर मराठीचे दूरचे सोयरे आहेत. ‘विश’ आणि संस्कृत ‘वाञ्छा’ एकाच प्राचीन धातूकडे जातात. ‘लव्ह’ आणि ‘लोभ’ हेही सगोत्र. मराठीत लोभ म्हणजे हाव, पण पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे लिहिताना त्याच शब्दात निखळ माया असते; मुळातली ही दुहेरी छटा मराठीत अजून जिवंत आहे. ‘लस्ट’चे उलट झाले. जुन्या इंग्रजीत तो साध्या आनंदाचा शब्द होता आणि जर्मनमध्ये आजही आहे. इंग्रजीत मात्र बायबलच्या भाषांतरांत तो देहाच्या पापी वासनांसाठी वापरला गेल्याने वासनेपुरता आकसला.

लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला ‘डिझायर’ भारदस्त आहे. चहासाठी तो कोणी वापरत नाही. तिथे ब्रिटिश माणूस ‘फॅन्सी’ म्हणतो, जे ‘फँटसी’चे आखूड रूप. किंचित भुकेला ‘पेकिश’, म्हणजे चोच मारण्यापुरती भूक. भुकेने चिडलेल्याला ‘हँग्री’, ‘हंग्री’ आणि ‘अँग्री’ यांचा जोड. ऑक्सफर्ड कोशाने तो 2018 मध्ये दाखल केला. अमेरिकेतला ‘येन’ हा चिनी स्थलांतरितांच्या बोलीतला, अफूच्या तलफेचा शब्द. जपानी चलनाशी त्याचा संबंध नाही.

गर्भारपणातल्या इच्छेला मात्र इंग्रजीत स्वतंत्र नाव नाही. तिथेही ‘क्रेव्हिंग’च. मराठीत त्यासाठी डोहाळे आहेत, संस्कृत ‘दोहद’पासून आलेले, आणि ते पुरवण्याचा सोहळाही आहे.