मासिक पाळी, पडसे आणि काढा

नाक वाहू लागले, घसा खवखवू लागला, की आपल्या घरांतून प्रथम आठवण होते ती काढ्याची. आले, तुळस, गवती चहा, चार मिरे आणि वर गुळाचा खडा. इंदूरची थंडी असो वा गोव्याचा पाऊस, या सामग्रीत फारसा फरक पडत नाही. परंतु पडसे झालेल्या मुलीची त्याच दिवसांत पाळीही आली, म्हणजे घरात दोन मते होतात. आजी म्हणते, काढा उष्ण, अंगावरून अधिक जाईल. शेजारच्या काकू म्हणतात, दुप्पट द्या, पोटदुखीही थांबेल. मुलीला कोणी विचारीत नाही, आणि संकोचामुळे तीही बोलत नाही.

मुळात ते पडसेच आहे काय, हे आधी पाहावे. पाळीच्या आरंभी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण होतात. त्यांच्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते आणि पोटात कळा येतात. कित्येकींचे याच दिवसांत अंग मोडून येते, डोके दुखते, मळमळते. शिंका व वाहते नाक नसताना केवळ एवढ्यावरून सर्दी ठरवणे योग्य नव्हे. खरे पडसे विषाणूंमुळे होते, बहुधा ऱ्हायनोव्हायरस या जातीच्या. आणि ते सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरते. त्या विषाणूंचा नाश करणारी वनस्पती अद्याप सापडलेली नाही. काढ्याने घसा शेकला जातो, पोटात पाणी जाते, माणसाला बरे वाटते. हे काम लहान नाही, पण तेवढेच आहे.

मग आजीची भीती निराधार म्हणावी काय? स्वयंपाकात पडते तेवढ्या आल्यामिऱ्याने स्राव वाढतो, असा भरवशाचा पुरावा नाही. उलट सुंठीच्या चूर्णाने पाळीतील कळा काहीशा कमी होतात, असे काही लहान चाचण्यांत दिसून आले आहे. तेव्हा पाळी आली एवढ्याच कारणाने कोणा मुलीच्या हातातील कप काढून घेऊ नये. भीती बाळगायची ती कपाची नव्हे, बाटलीची. आले, लसूण, हळद यांचे अर्क आज गोळ्यांच्या रूपाने विकले जातात आणि त्यांत द्रव्य कितीतरी पटींनी एकवटलेले असू शकते. मोठ्या मात्रेत ही द्रव्ये रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणू शकतात. जी स्त्री ॲस्पिरिन किंवा वॉरफरिन घेते, अथवा जिला मुळातच स्राव अधिक होतो, तिने अशा गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

दोन वनस्पतींचा स्वतंत्र विचार केला पाहिजे. अडुळसा खोकल्यावर फार जुना. त्याच्या पानांतील वासिसीन या द्रव्यावरूनच रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध सिद्ध केले. परंतु हेच वासिसीन गर्भाशयाचे आकुंचन वाढवते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. म्हणून पाळी लांबली असेल आणि दिवस राहिल्याचा संभव असेल, तर अडुळशाचा काढा वर्ज्य समजावा. थोडासा स्राव दिसला म्हणजे ती पाळीच, असे नेहमी नसते. दुसरा ज्येष्ठमध. घशाला तो गोड व सुखद लागतो, पण रोज भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. रक्तदाबाचा विकार असलेल्या स्त्रीने तो टाळलेलाच बरा.

या सर्वांहून मोठी गोष्ट मात्र काढ्याच्या भांड्याबाहेरची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकी ५७ भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. दरमहा होणाऱ्या स्रावाबरोबर लोह जाते, आणि जेवणासोबत घेतलेला चहा अन्नातील लोह शोषू देत नाही. काढ्यात चहाची पूड टाकण्याची रीत अनेक घरांत आहे. असा काढा जेवणानंतर निदान तासाभराने घ्यावा. जेवणात लिंबू पिळावे, त्याने लोह अधिक शोषले जाते. गुळाने रक्त वाढते, या समजुतीवर मात्र फार विसंबू नये.

स्राव सात दिवसांहून अधिक चालला, दर तासाला घडी बदलावी लागली, चक्कर येऊ लागली, ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा श्वास लागू लागला, तर काढा बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. ताप आलेल्या अल्पवयीन मुलीला ॲस्पिरिन देऊ नये. काही विषाणुजन्य तापांत त्याने यकृत व मेंदू यांना गंभीर इजा होऊ शकते. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते. डॉक्टरांकडे जाताना काढ्यात काय काय घातले होते ते कागदावर लिहून न्यावे आणि गोळ्यांची बाटलीही सोबत ठेवावी. काढा म्हणजे औषध नव्हे, अशा समजुतीने बायका तो सांगत नाहीत, आणि डॉक्टरही पुष्कळदा विचारीत नाहीत.